पहिल्या रायडरला किती गुण द्यायचे?

आज कोलोरॅडोत स्नोबोर्ड परीक्षकांच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस. बाहेर ताजा बर्फ, आणि आम्ही सकाळपासून खोलीत व्हिडिओ बघतोय. रन, म्हणजे रायडरची उतारावरची एक फेरी, एकदाच दाखवतात, की लगेच १०० पैकी गुण!

उंची, अवघडपणा, सफाई, वैविध्य, नवेपणा या सगळ्याचा मिळून एकच आकडा. शिवाय ट्रिक खुणांच्या भाषेत लिहायची: कुठल्या बाजूने फिरला, किती अंश, कुठला ग्रॅब (हवेत असताना हाताने बोर्ड पकडणं). लिहायला मान खाली घातली की लँडिंग हुकतं. आणि पहिल्यालाच ९५ दिले, तर पुढच्या सरस मुलीला द्यायचे काय? हा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

दुपारी २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचा विषय निघाला. स्लोपस्टाइलमध्ये (उतारावरच्या रेल्स आणि उड्यांवरून ट्रिक करत जायचा प्रकार) मॅक्स पॅरटचा हात बोर्डाऐवजी गुडघ्यावर होता. परीक्षकांच्या नजरेतून ते निसटलं. त्याला सुवर्ण, सू यिमिंगला रौप्य. ती क्लिप पुन्हा बघताना पोटात गोळाच आला. कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत आपल्या एका नजरेवर असते हो.

उद्या मुलांच्या स्पर्धेत अनुभवी परीक्षकाशेजारी बसून गुण द्यायचेत. माझे धरणार नाहीत, तरी मी प्रत्येक ग्रॅब नीट बघणार आहे.