ट्रॅव्हल नर्सिंग: पगाराच्या आकड्याआधी ‘टॅक्स होम’ विचारा

एजन्सीमार्फत गावोगावच्या हॉस्पिटलांत थोड्या मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सच्या पगाराचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून गावाकडे पोचतात, तेव्हा त्यांचा निम्मा हिशेब मागेच राहिलेला असतो. आठवड्याला २,००० डॉलर मिळतात हे खरं, पण ते सगळे पगार म्हणून येत नाहीत. साधारण कॉन्ट्रॅक्ट १३ आठवड्यांचं असतं. आठवड्याला १२ तासांच्या तीन ड्युट्या, म्हणजे ३६ तास. तासाला २५ डॉलर धरले तर करपात्र पगार ९०० डॉलर होतो. उरलेले १,१०० राहण्या-जेवणाचा स्टायपेंड म्हणून जमा होतात आणि एजन्सी त्यावर कर कापत नाही. कापला नाही म्हणून तो लागणारच नाही, असं मात्र नाही.

स्टायपेंड करमुक्त असण्यामागचं कारण साधं आहे. कामासाठी घर सोडावं लागलं, घरचं भाडं चालूच आहे आणि कामाच्या गावीही भाडं भरावं लागतंय, तर दुसऱ्या खर्चाची भरपाई म्हणजे उत्पन्न नव्हे. पण त्यासाठी मागे खरोखर घर हवं. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, त्याला टॅक्स होम म्हणतं, आणि मूळ नियमात ते कुटुंब राहतं तिथे नसतं, मुख्य काम चालतं तिथे असतं. ट्रॅव्हल नर्सला असं एक मुख्य ठिकाण नसतं, म्हणून आयआरएसच्या १९७३च्या एका निर्णयातल्या तीन कसोट्या लावतात. घराच्या परिसरात तुम्ही थोडंफार काम करता आणि तेव्हा त्याच घरी राहता का? बाहेरगावच्या कामामुळे राहण्याचा खर्च दुहेरी होतो का? आणि तो भाग तुम्ही सोडून दिलेला नाही ना, म्हणजे घरचे तिथे राहतात किंवा तुम्ही वरचेवर तिथे मुक्काम करता का? तिन्ही जुळल्या तर प्रश्न मिटला. दोन जुळल्या तर एकंदर परिस्थिती बघतात. एकच जुळली तर तुम्ही फिरस्त्या ठरता: जिथे काम तिथेच घर, आणि सगळा स्टायपेंड करपात्र.

आपल्याकडच्या मुली नेमक्या इथे अडकतात. सांगलीला आई-वडिलांचं घर आहे, पासपोर्टवर तोच पत्ता आहे, म्हणून फॉर्मवर तेच कायमचं घर लिहून मोकळं व्हायचं. हे चालत नाही. तिथे तुमचं काम नाही आणि दुहेरी खर्चही नाही. ग्रीन कार्डावर आलेल्या बहुतेक नर्सना पहिली दोन-तीन वर्षं ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये काम करावं लागतं. त्या काळात तेच शहर तुमचं टॅक्स होम असतं. करार संपल्यावर ट्रॅव्हल सुरू करायचं असेल तर तिथली खोली सोडू नका, आणि अधूनमधून तिथे पर डीएम, म्हणजे गरजेनुसार एकेका दिवसाच्या, ड्युट्या करत राहा. पहिली कसोटी याच ड्युट्यांवर जुळते. खोली मामाकडे किंवा मैत्रिणीकडे असली तरी चालेल, पण भाडं बाजारभावाने, दरमहा बँकेतून गेलं पाहिजे, आणि घेणाऱ्याने ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे. तुम्ही बाहेर असताना तीच खोली दुसऱ्याला भाड्याने दिलीत तर दुहेरी खर्चाचा दावा ढासळतो.

चुकलं तर किती जातं? १,१०० गुणिले १३, म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टमागे १४,३०० डॉलर. ही रक्कम २२ टक्क्यांच्या टप्प्यात आली तर फेडरल कर ३,१४६ डॉलर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के म्हणजे आणखी सुमारे १,०९४. राज्याचा कर वेगळा, आणि मागाहून पकडलं गेलं तर व्याज-दंडही. एजन्सी तुमच्याकडून टॅक्स होम असल्याचं सहीनिशी लिहून घेते, त्यामुळे चौकशीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. उलट टॅक्स होम आहे, पण एजन्सीने सगळाच पगार करपात्र दिला, तर तो दुहेरी खर्च तुम्हाला रिटर्नमध्ये वजा करता येत नाही. नोकरदारांसाठी ही वजावट २०१८पासून बंद आहे आणि २०२५च्या कायद्याने ती कायमची गेली.

स्टायपेंडला वरची मर्यादाही आहे. सरकारी प्रवासदर गावागावानुसार ठरतात. २०२५च्या आर्थिक वर्षात साधारण ठिकाणी राहण्याचे दिवसाला ११० आणि जेवणाचे ६८ डॉलर होते, म्हणजे आठवड्याला १,२४६. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात दर बराच जास्त. तासाचा दर फार खाली आणून स्टायपेंड फुगवलेली ऑफर आकर्षक दिसते, पण ओव्हरटाइम, सोशल सिक्युरिटी आणि पुढे घराच्या कर्जाची पात्रता, सगळंच त्या लहान आकड्यावरून मोजलं जाण्याचा धोका असतो.

‘घरापासून ५० मैलांवर गेलं की स्टायपेंड मिळतो’ हे रिक्रूटर, म्हणजे एजन्सीचे भरती करणारे, बिनधास्त सांगतात. आयआरएसचा असा नियम नाही. ती हॉस्पिटलं आणि एजन्सींची आपली अट. खरा निकष असा, की काम इतकं दूर हवं की झोपायला घरी येणं शक्य नाही. खरोखरचा नियम आहे तो एका वर्षाचा. एकाच भागात वर्षापेक्षा जास्त काळ राहणार असं ठरलं की ती नेमणूक तात्पुरती राहत नाही. तीन कॉन्ट्रॅक्ट झाली, म्हणजे ३९ आठवडे, आणि मग २६ आठवड्यांच्या मुदतवाढीवर सही केली, तर वर्ष भरेपर्यंत थांबायचं नसतं. सही केल्या दिवसापासूनच स्टायपेंड करपात्र होतो.

राज्याचा कर काम जिथे केलं तिथे लागतो. राज्याचा उत्पन्नकर नसलेल्या टेक्सासला घर आहे म्हणून कॅलिफोर्नियातल्या पगारावर कॅलिफोर्नियाचा कर चुकत नाही. तिथे अनिवासी म्हणून रिटर्न भरावंच लागतं. घरच्या राज्यातही कर असेल तर तिथे बहुधा क्रेडिट मिळतं.

नर्सिंग लायसन्सचा हिशेबही घराच्या पत्त्याशीच बांधलेला आहे. चाळीसहून अधिक राज्यं नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट या आपसातल्या करारात आहेत. त्यातल्या एकात कायदेशीर वास्तव्य असेल तर एकाच मल्टिस्टेट लायसन्सवर बाकीच्यांत काम करता येतं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि ऑरेगन बाहेर आहेत. तिथे वेगळं लायसन्स काढायचं. वास्तव्य ठरतं ड्रायव्हिंग लायसन्स, फेडरल रिटर्नवरचा पत्ता अशा कागदांवरून. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टसाठी गेलेली मुलगी सोय म्हणून तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढते आणि एका फटक्यात दोन्ही बिघडवते: मल्टिस्टेटचा आधार जातो आणि टॅक्स होमही डळमळतं. दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात खरंच बिऱ्हाड हलवलं, तर जानेवारी २०२४पासून ६० दिवसांच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. व्हिसावर असलेल्या नर्सने आपलं वास्तव्य भारत म्हणून लिहिलं, तर तिला फक्त त्या एका राज्यापुरतं लायसन्स मिळतं. मल्टिस्टेटला सोशल सिक्युरिटी नंबर लागतोच.

लायसन्सला विलंब कुठे होतो तेही आधी ओळखून ठेवा. सतत हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून नर्सच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि लायसन्सच्या तपासणीसाठी दिलेले बोटांचे ठसे नीट उमटले नाहीत म्हणून नाकारले जातात. ठसे देण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून हातांना क्रीम चोळत राहा. लग्नानंतर बदललेलं नाव हा मराठी मुलींचा खास घोळ. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत तिसरंच काही. विवाह नोंदणीचा दाखला आणि गॅझेटची प्रत पहिल्याच अर्जासोबत जोडा. कॅलिफोर्नियाचं नर्सिंग बोर्ड विषयाचं शिक्षण आणि त्याचं वॉर्डातलं प्रात्यक्षिक एकाच काळात झालं का, हेही तपासतं. वॉर्डातली पोस्टिंग वेगळ्या सत्रात झाली असेल तर तेवढ्यावर फाइल अडते, म्हणून कॉलेजकडून तारखांचं पत्र भारतात असतानाच घ्या.

आणि रिक्रूटरला सही करण्याआधी एक विचारा: ‘टॅक्स होम नसेल तर पूर्ण करपात्र दर काय?’ लेखी आकडा मागा. तो टाळून वर ‘सगळेच असं घेतात’ म्हणाला, तर दुसरी एजन्सी बघा.