सत्तर किलोंची सरासरी

वजनकाट्यावर चढलं की आपण उगाचच पोट आत घेतो. काट्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. लाइटवेट रोइंगवाल्यांना, म्हणजे वजनाची मर्यादा पाळून नाव वल्हवणाऱ्यांना, तर हे शर्यतीच्या दिवशी, शर्यतीआधी तास-दोन तास, पंचांसमोर करावं लागतं. पुरुषांच्या दुहेरी नावेत एकट्याचं वजन ७२.५ किलोंच्या वर नको आणि दोघांची सरासरी ७० च्या आत. एकाचं ७१ भरलं तर दुसऱ्याने ६९ वर यायचं. जोडीदाराने खाल्लेला बटाटा आपल्या हिशेबात धरायचा, असा हा संसार!

जर्मनीतल्या माइन्त्सचा जेसन ऑस्बोर्न या संसारात बरीच वर्षं रमला. रिओ ऑलिंपिकमध्ये नववा आला, २०१८ ला प्लोव्दिव्हमध्ये लाइटवेट एकेरीत जगज्जेता झाला. मग कोविडमुळे टोकियो वर्षभर पुढे गेलं. त्या मधल्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, पठ्ठ्याने सायकलिंगच्या पहिल्या ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धेत सुवर्ण मारलं. जागेवरच उभी सायकल, समोर पडदा, रस्ता संगणकातला. गंमत म्हणजे तिथेही वजन सुटत नाही. चढ आला की पायांची ताकद भागिले किलो, त्यावर वेग ठरतो. रस्ता खोटा असला तरी किलो खरे!

टोकियोत योनाथन रोमेलमानबरोबर लाइटवेट दुहेरीत रौप्य मिळालं. सुवर्ण जिंकणारे आयर्लंडचे ओडोनोव्हन-मॅकार्थी सेकंदभरही पुढे नव्हते. २०२२ ला ऑस्बोर्न खऱ्या रस्त्यावर उतरला, अल्पेसिनच्या व्यावसायिक सायकल संघात. म्हणजे वल्हं सुटलं, काटा नाही. घाट चढणाऱ्याला तो जन्माचा चिकटलेला.

त्याच टोकियोत, त्याच प्रकारात आपले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले. दोघेही पुण्यात, सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या लष्कराच्या रोइंग केंद्रात घडलेले. ऑलिंपिक रोइंगमध्ये भारताची तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती ती, पण पुण्यात तरी किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

१९९६ ला अटलांटात ऑलिंपिकमध्ये आलेला हा लाइटवेट प्रकार पॅरिसनंतर तिथे बंद झाला. २०२८ ला त्याच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरच्या रोइंग शर्यती. मला हे काही पटलेलं नाही. धिप्पाडांच्या या खेळात मध्यम अंगाच्या माणसाला तेवढंच एक दार होतं. आता सीएमईतल्या पोरांनी पोटभर जेवायला हरकत नाही म्हणा. वजन वाढेलही, पण साडेसहा फुटांची उंची कुठल्या मेसमध्ये मिळते?