आस कुठे तोडायची?

बास गिटार घ्यायला आलेला माणूस दुकानात हटकून एकच गोष्ट करतो. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडतो, डोळे मिटतो आणि तिची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरेपर्यंत मान डोलावतो. टोन पसंत! पुढे बँडमध्ये उभं राहिल्यावर तीच तार पुढच्या स्वरावर सांडते, ड्रमच्या ठोक्यांत चिखल करते, आणि मग नॉब पिळणं सुरू होतं. आवाज बदलणारं नवं पेडल येतं, नवा अँप (अँप्लिफायर) येतो. पण बासवाला ओळखू येतो तो स्वर कुठे संपवतो त्यावरून, आणि त्यासाठी अँपवर नॉब नसतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी (तारेचा भरलेला झणकार) खुलवतात; तिथे आस जितकी भरलेली तितकी चांगली. बासवाले जवळपास त्याच जागी स्पंज कोंबतात. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बासवादक जेम्स जेमर्सनचा आवाज असाच घडला. १९६२चा फेंडर प्रिसिजन बास, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, ब्रिजवरच्या, म्हणजे गिटारच्या घोडीवरच्या, धातूच्या झाकणाखाली फोम, आणि छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. मूळचा तो उभा डबल बास वाजवणारा. ‘धप्प’ उमटून लगेच विरणारा स्वर कानात आधीच मुरलेला होता. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही हा त्याचा खाक्या तर बासवाल्यांत प्रसिद्धच आहे.

प्रयोग स्वस्तातला आहे. भांडी घासायच्या स्पंजचा हिरवा खरखरीत थर सोलून टाकायचा, उरलेल्या मऊ भागाची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कापायची आणि ब्रिजच्या सॅडलला (तार टेकते त्या तुकड्याला) चिकटून तारांखाली बसवायची. ती तारांना नीट टेकावी, त्यांना वर ढकलू नये. फार जाड झाली तर स्वर जाऊन नुसता ठोका उरतो. सॅडलपासून पुढे सरकली तर एक स्वर ठणठणीत आणि शेजारचा मेलेला, असा विषम कारभार चालतो. बारीक ‘जी’ (G) तार सगळ्यांत आधी गुदमरते, म्हणून त्या टोकाला पट्टी थोडी तासून घ्यायची.

स्पंज नको असेल तर तळहाताची कड ब्रिजलगत टेकवून अंगठ्याने छेडावं. दाब हवा तेव्हा वाढवता-घटवता येतो. पण खरी कात्री डाव्या हातात. स्वर संपवताना बोटाचा दाब सोडायचा, बोट तारेवरून उचलायचं मात्र नाही. उचललं की मोकळी तार बोंबलते. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) आणखी एक गंमत आहे: तिथे एकच बोट हलकं टेकून राहिलं तर हार्मोनिकची शिट्टी वाजते. म्हणून शेजारचं बोटही तारेवर पाडायचं. हा बारकावा ज्याच्या अंगवळणी पडला त्याचा टोन कुठल्याही भाड्याच्या अँपमधून ‘महाग’ ऐकू येतो.

स्वराची सुरुवात त्या मानाने सोपी, निदान समजायला. नेहमीच्या बासवर तारेची वाजती लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. विसावा पडदा ब्रिजपासून साधारण २७ सेंटीमीटरवर येतो. त्या आसपास छेडलं की आवाज गोल आणि मऊ. ब्रिजकडे सरकत जावं तसे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) पुढे येतात, आवाज घट्ट होतो आणि अगदी ब्रिजलगत नाकातून बोलू लागतो. बासवादक जाको पास्टोरियसचा पडदे काढलेला जॅझ बास (फेंडरचंच एक मॉडेल) गायचा तो याच बाजूने, ब्रिजकडचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) पुढे ठेवून. टोनचा नॉब बिचारा फक्त वरचं कापतो, नवीन काही घालत नाही. त्यापेक्षा हात पाच सेंटीमीटर सरकवून बघावा. किंवा ‘ए’ तारेच्या पाचव्या पडद्यावरचा ‘डी’ स्वर त्याहून जाड ‘ई’ तारेच्या दहाव्यावर वाजवावा: स्वर तोच, पण जाड तार आखूड झाल्यामुळे आवाज जाडसर, अंधारलेला.

तारांबद्दल थोडक्यात. राउंडवाउंड, म्हणजे वर गोल तार गुंडाळलेल्या तारांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रोज वाजवलं तर त्यांची चकाकी काही आठवड्यांत जाते, म्हणून वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसाव्यात. फ्लॅटवाउंड महाग, पण वर्षानुवर्षं चालतात. मात्र त्यांचा ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे गिटारची मान पुढे वाकून तारा उंच वाटू लागतात. ट्रस रॉड (मानेचा वाक सावरणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि मानेला बसायला वेळ द्यावा. घाईत दोन फेरे फिरवणाऱ्याला नंतर कारागिराचं बिल कळतं.

राहिला इक्वलायझर, म्हणजे खर्ज, मध्य आणि ट्रेबल (उंच आवाज) कमी-जास्त करायचे नॉब. खर्ज वर, ट्रेबल वर, मध्य खाली, असा हसरा आकार खोलीत एकट्याने वाजवताना भलता गोड लागतो. बँडमध्ये खाली किक ड्रम (पायाने वाजणारा मोठा ढोल) आणि वर झांजा त्या दोन्ही जागा बळकावतात आणि बास गायब होतो. २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करून ८००च्या जवळ थोडं वाढवलं तर एकट्याने ऐकताना कुरूप, सगळ्यांत मिसळल्यावर सुबक. मोकळी ‘ई’ तार ४१ हर्ट्झवर कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरला ती पेलवत नाही. ८२, १२३ आणि त्यावरचे स्वरांश ऐकून मूळ स्वर कान स्वतःच मनाने भरून घेतो. म्हणून रेकॉर्डिंग एकदा मोबाइलवर वाजवून बघावं. ओळ तिथे हरवली तर मध्य कमी पडलाय. शेजारच्या काकूंची तक्रार यात धरू नये. भिंत वरचं सगळं गाळते आणि त्यांच्यापर्यंत नेमका खर्जच पोचवते.