कूलर त सुरूच होता

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ तापलेले दिवस, संपून चार-पाच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी शिंतोडे पडून गेले होते आणि दिवसभर आभाळ होतं. पारा 40 च्या आसपास. नागपुरात 46 चे दिवस काढलेल्या माणसाला 40 म्हणजे उन्हाळा उतरला असंच वाटतं. आमच्या कॅज्युअल्टीलाही, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागालाही, तेच वाटत होतं. मे महिनाभर उष्माघाताच्या पेशंटसाठी दाराशी भरून ठेवलेला बर्फाचा डबा कोणीतरी धुऊन उपडा घातला होता.

रात्री आठच्या सुमारास ऑटोतून 72 वर्षांच्या एका आजींना आणलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, सकाळपासून बडबडून राहिली होती. दुपारून बोलणंच बंद झालं." वाटेतल्या दवाखान्यात 'डोक्यात ताप चढला' म्हणून पॅरासिटामॉलचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवलं होतं. कपाळावर थर्मामीटरची गन धरली, आकडा आला 38.4 अंश सेल्सिअस. उन्हात गेल्या होत्या का? "नाही ना. आठ दिवसांत घराबाहेर पाऊल नाही. कूलर त सुरूच होता, चोवीस तास."

गनचा आकडा आणि मुलाचं उत्तर, या दोन गोष्टींत आमची 20 मिनिटं गेली. ज्युनिअरने मेंदूज्वराची वाट धरली: मलेरियाची तपासणी, सीटी स्कॅन, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायची तयारी. उष्माघात म्हणजे भर उन्हात कोसळलेला मजूर, हे चित्र डॉक्टरांच्याही डोक्यातून निघत नाही, याचा मला खरोखर राग येतो. भान हरपलेला आणि अंग तापलेला माणूस उन्हाळ्यात समोर आला, की आधी थंड करायचं आणि बाकीचं त्यासोबत शोधायचं. मेंदूज्वराची शंका असेल तर अँटिबायोटिकही सुरू करता येतं, पण थंड करणं थांबवायचं नाही.

मला खटकली ती काख. अंग ओलं होतं, पण घरच्यांनी शिंपडलेल्या पाण्यानं. काखेत हात घातला तर कोरडी ठणठणीत आणि चटका देणारी. ओल्या कपाळावर गन हमखास कमी दाखवते, कारण पाणी उडताना तेवढीच कातडी गार करतं. उष्माघातात गुदमार्गाचंच तापमान धरायचं, आणि प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी लवचीक तार, 10 ते 15 सेंटीमीटर आत गेला पाहिजे. काचेचा थर्मामीटर 42 लाच संपतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. प्रोबवर आकडा आला 41.8. नाडी 136, रक्तदाब 90/50, चिमटा काढला तर हात मागे घेत होत्या, एवढंच.

शिरस्त्याप्रमाणे कपडे काढून कोमट पाण्याचा फवारा आणि दोन पेडस्टल पंखे लावले. 12 मिनिटांत फक्त 0.3 अंश उतरलं. मे महिन्यात हाच उपाय भराभर काम करतो. एक लिटर घाम किंवा पाणी कातडीवरून पूर्ण उडालं तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ओघळून चादरीत गेलं तर जवळजवळ काहीच नेत नाही. त्या रात्री वॉर्डातली हवाच ओली होती, पाणी उडत नव्हतं, नुसतं ओघळत होतं.

मग ताडपत्री मागवली. वॉर्डबॉयनं समोरच्या रसवंतीतून गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या आणल्या आणि तिथेच फोडल्या. ताडपत्रीवर पेशंट, चार जणांनी चार कडा उचलून धरायच्या म्हणजे हौदासारखा खोलगट आकार होतो. त्यात तीन-चार जार पाणी आणि बर्फ. एक माणूस फक्त डोकं आणि श्वास सांभाळायला. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. पाणी हातानं सतत ढवळायचं, नाहीतर अंगालगत कोमट पाण्याचा थर साचतो. ईसीजीचे इलेक्ट्रोड ओल्या कातडीवर टिकत नाहीत, म्हणून नाडीवर बोट ठेवून एक सिस्टर उभी. दहाव्या मिनिटाला झटका आला, 2 मिलिग्रॅम मिडाझोलॅम दिलं. त्यानं थरथरही थांबली. थरथर थांबवावीच लागते, कारण स्नायू उष्णता तयार करतात. सलाइन पहिल्या तासात एक लिटरच्या आत, म्हाताऱ्या हृदयाला त्याहून जास्त झेपत नाही. 26 मिनिटांत 38.9. तिथं थांबायचं, कारण बाहेर काढल्यावरही तापमान आणखी उतरत राहतं. त्या चार जणांचे दंड भरून आले होते, पण एकानेही कड सोडली नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात 2024 च्या मे महिन्यात यासाठी टब असलेला स्वतंत्र कक्ष सुरू झाला. टब नसेल तिथं ताडपत्री चालते, आणि ती प्रत्येक कॅज्युअल्टीत घडी करून ठेवलेली असावी.

पॅरासिटामॉलचं म्हणाल तर तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर चढवतो, ती गोळी खाली आणते. इथं ती पातळी चढलेलीच नसते. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. औषधाचा उपयोग शून्य, आणि आधीच भाजून निघालेल्या यकृतावर त्याचा भार. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात कैरीचं पन्हं ओतणंही तसंच, ते फुप्फुसात जातं.

घर कसं आहे ते नंतर मुलाकडून काढून घेतलं. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर उघडा स्लॅब. कूलर खिडकीत न बसवता खोलीतच ठेवलेला. समोरच्या खिडकीला कपाट टेकवलेलं. 46 अंश आणि 10 टक्के आर्द्रता असते तेव्हा ओल्या फडक्यातला थर्मामीटर, म्हणजे पाणी उडून जास्तीत जास्त किती गार होता येतं तो आकडा, 22 च्या आसपास असतो. चांगला कूलर तेव्हा 28 पर्यंतची हवा देऊ शकतो. 40 अंश आणि 40 टक्क्यांना तोच आकडा साडेअठ्ठावीस होतो, आणि कूलरची हवा 31 च्या वरच राहते. त्यात हवेला बाहेर जायला वाट नसली की कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. खोलीत 35 अंश आणि 75 टक्के झाले तर ओला थर्मामीटर 31 वर जातो. माणसाची सहनशक्ती ओल्या थर्मामीटरच्या 35 पर्यंत असते असं पूर्वी मानत. 2022 साली पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांचं शरीरही 30-31 लाच हरू लागलेलं दिसलं. आणि आभाळामुळे स्लॅबची उष्णता रात्रीही बाहेर जात नाही.

त्यात आजींना पार्किन्सनच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होतं, जे घामच अडवतं, आणि ब्लडप्रेशरसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी. दोन्ही औषधं वर्षानुवर्षं तीच. मार्चमध्ये कोणीतरी ती कागदावर पुन्हा तपासायला हवी होती.

23 मे 2013 ला नागपुरात 47.9 नोंदलं गेलं, तो आकडा इथं सगळ्यांना पाठ आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर उष्माघातानं 14 जण गेले, तेव्हा पारा 38 च्या आसपास होता, हे मात्र कोणी आठवत नाही. मैदानी भागात 45 गाठलं की उष्णतेची लाट धरतात. त्या दिवशी आमच्याकडे कसलाच इशारा नव्हता. संशयित उष्माघाताच्या फॉर्मवर 'उन्हात काम केले का' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं, आणि समासात स्लॅब, कूलर, बंद खिडकी. समासातलं कोण वाचतं मला माहीत नाही.

आजी शुद्धीवर आल्या. लघवी चहाच्या रंगाची होती, ती चौथ्या दिवशी साफ झाली. यकृताचे आकडे तिसऱ्या दिवशी हजारांत गेले, प्लेटलेट उतरल्या, मग सावरल्या. आधीची 20 आणि फवाऱ्याची 12, ही 32 मिनिटं मी रोज मोजते. तोल आणि बोलणं सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या पेशी उष्णतेला फार लवकर बळी पडतात.

अकराव्या दिवशी सुट्टी दिली. कपाट हलवतो, कूलर खिडकीबाहेर काढतो, गादी तळमजल्यावर आणतो, असं मुलानं कबूल केलं. थरथरीची गोळी न्यूरॉलॉजीवाल्यांनी बदलली. आजी दारापर्यंत चालत गेल्या, दोन्ही पाय फाकवून, सुनेचा खांदा धरून. बोलणं अडखळत होतं. घरातल्या घरात असं कसं झालं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं.