रिडक्शन लिनोकट : नानी आणि आजी एकाच ब्लॉकवर

दुसरा रंग छापून झाला, वाळतही आला. तिसऱ्याआधी थोडा थांबलोय, कारण आता ब्लॉकवर लिनो उरलंय थोडंसंच आणि सगळी भिस्त त्यावर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : लिनोकट म्हणजे लिनोलियमचा ब्लॉक कोरायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि कागदावर छापायचं. नानी छिंदवाड्याची, आजी गोळीबार चौकातल्या कोष्टी घरातली. आमच्या घरात हिंदी-मराठी दोन्ही चालतं, नागपुरात त्याचं नवल ते काय! दोघींचं मिळून एक चित्र करतो म्हटल्यावर ज्याने त्याने हेच सुचवलं, अर्धा चेहरा हिचा, अर्धा तिचा. नको बाप्पा. त्याचं सरकारी पोस्टर होतं.

डोक्यात होती चित्रकार विवान सुंदरम यांची २००१-०२ची 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका. चित्रकार अमृता शेरगिल त्यांची मावशी. अमृताची आई हंगेरियन, वडील शीख, जन्म १९१३चा, बुडापेस्टचा. तिचे वडील, म्हणजे सुंदरम यांचे आजोबा, उमराव सिंग यांनी काढलेले घरचे फोटो सुंदरम यांनी संगणकावर जुळवले आणि वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत आणली. कोण कुठलं, याची वाटणी त्यात नाही. मला हवं ते हेच, फक्त संगणकाऐवजी गाऊजने, म्हणजे कोरायच्या हत्याराने.

रिडक्शनमध्ये प्रत्येक रंग छापून झाला की तोच ब्लॉक आणखी कापत जायचं, फिक्याकडून गडदकडे. पहिला थर टसरचा फिकट पिवळा, दोघींचे डोळे एका रेषेत. दुसरा विटकरी लाल, त्यात आजीच्या लुगड्याची करवती किनार. तिचे दाते काढायला सगळ्यात बारीक व्ही-गाऊज लागला. थंडीत लिनो कडक होतं, म्हणून आधी इस्त्रीने कोमट करून घेतो. प्रेस नाही, चमच्याच्या पाठीने घासतो. त्यासाठी पातळ कागदच बरा, जाड हातकागदावर शाई नीट उठत नाही.

तिसरा थर जवळजवळ काळा. त्यात नानीच्या हनुवटीवरचं गोंदण. आजूबाजूचं सगळं कापून ठिपके तेवढे उभे ठेवायचे आहेत, आणि रोलर नेमका अशाच जागी खाली बुडतो.

त्यात आणखी भानगड. आई म्हणते तीन ठिपके होते, मामा म्हणतो पाच. फोटो बघावा तर स्टुडिओवाल्याने रिटच करून हनुवटी साफ गुळगुळीत केलेली! सध्या पाच ठेवून राहिलो. दोन केव्हाही कापता येतील, वाढवता नाही येणार. एवढे बारीक ठिपके घासताना न तुटण्याची युक्ती कोणाकडे असेल तर सांगा. तोवर ब्लॉकला हात लावत नाही.