पन्हाळा ते पावनखिंड: पावसाळी वाट आणि डोक्याचा मार

१६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या बाजूनं निसटले, त्या वाटेवर दर जुलैला पोरांची रीघ लागते. पुसाटी बुरुजाकडून उतरायचं, म्हाळुंगे मागं टाकायचं, मग मसाई पठाराची चढण. पुढं कुंभारवाडी, खोतवाडी. वाटेचं वर्णन कुठंही मिळेल. जांभ्यावरच्या शेवाळाबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही, आणि आमचा एक गडी पठारावर त्याच्यावरूनच उताणा पडला. डोकं मागं कातळावर आपटलं.

शुद्ध गेली नाही. उठला, मागचा चिखल झटकला, "काय झालं न्हाई भावा, चला" म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, "म्हाळुंगं गेलं काय?" सांगितलं. लगेच पुन्हा तोच प्रश्न, त्याच सुरात. मग बुटाची सुटलेली नाडी हातात धरून नुसताच बघत बसला. टेंगूळ नाही, रक्त नाही, तरी मेंदूला हादरा बसलेला. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड नको वाटणं, तोल जाणं, पडल्याचंच न आठवणं, यातलं काहीही दिसलं तर तो ट्रेक तिथंच संपला.

मागून आलेल्या गटातल्या एकानं डब्यातला कांदा काढला, हुंगवायला! पाणी पाजा, तोंडावर मारा, असंही झालं. ग्लानीत असलेल्याला काही पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं, म्हणून नकोच. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर उठवू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरा. ओकारी आली तर मान न पिळता दोघातिघांनी अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं. रक्त असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, पण हाड खचल्यासारखं लागलं तर तिथं दाब देऊ नका.

आमच्या गड्याची मान ठीक होती. त्याची सॅक काढून घेतली, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरला आणि माघारी फिरलो. पुढं रान वाढत जातं, मदत लांब पडते. धुक्यात मोबाईलची रेंज येते-जाते, तेव्हा शेवटची रेंज कुठं मिळाली हे एकानं ध्यानात ठेवावं.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जड जीभ, एका बाजूचा हात-पाय लुळा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, उठवूनही न उठणं: यातलं एक जरी दिसलं तरी थेट १०८. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर माणूस तासन्‌तास ठीक बोलतो आणि मग ढासळतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या वयस्कांना तर बरं वाटत असलं तरी दाखवाच.

कोल्हापुरात डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, साफ आला. हादरा त्यात दिसत नाही, त्यामुळं स्कॅन साफ म्हणजे उद्या परत ट्रेक असं नाही. रात्रभर जागं ठेवायची गरज नसते. डॉक्टरांनी तपासल्यावर झोपू द्यावं, पण पहिले २४ ते ४८ तास सोबत कुणीतरी हवंच. दुखलं तर पॅरासिटामॉल. डिस्प्रिन, काँबिफ्लॅम नको, रक्तस्रावाची भीती असते. दारू आणि गाडी चालवणं बंद. तालमीत जाणारा असेल तर त्याच्या वस्तादांनाही कळवा, कारण पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेततं.