चौथ्या दिवशी न मिळालेले अँटिबायोटिक

सर्दीच्या चौथ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले ती अँटिबायोटिक लिहून घ्यायचे, हे ठरवूनच. नाक चोंदलेले होते, शेंबूड हिरवट-पिवळा झाला होता आणि हिरवा शेंबूड म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, अशी माझी पक्की समजूत होती. डॉक्टरांनी ती खोडून काढली. असा रंग साध्या सर्दीतही येतो, आणि सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची, बहुतेक दुखणी विषाणूंमुळेच होत असल्याने त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही, असे त्यांनी सांगितले. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि पॅरासिटामॉल, एवढ्यावर माझी बोळवण झाली. मात्र १० दिवसांत काहीच उतार पडला नाही, बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटले किंवा नाकातून पू येत असताना सलग तीन-चार दिवस १०२ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप राहिला, तर लगेच परत यायचे होते. मी मनातून चिडलेच होते.

सहाव्या दिवशी खरोखरच हलके वाटले. आठव्या दिवशी चपलेचा पट्टा लावायला वाकले आणि उजव्या गालफडात असा ठणका बसला की भिंत धरून उभी राहिले. त्याच बाजूच्या वरच्या दाढाही दुखत होत्या. दाढ किडली असावी असे मला वाटले. पण या दाढांची मुळे गालातल्या सायनसच्या तळाला लागून असतात, हे डॉक्टरांकडून कळले. दुखणे उलटले होते. एक्स-रे काढायचा का, असे मी विचारले, तर साध्या सर्दीतही सायनस भरलेले दिसतात, त्यामुळे त्यातून निदान होत नाही, असे उत्तर मिळाले.

पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, याची खात्री करून त्यांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवसांसाठी दिली. काही जिवाणू अमॉक्सिसिलिन मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या विकरालाच निकामी करते, म्हणून ही जोडी. नाक मोकळे करणारे थेंब मी पहिल्या दिवसापासून सर्रास घालत होते, ते त्यांनी बंद केले. काही दिवसांपलीकडे वापरल्यास या थेंबांनीच नाक अधिक चोंदते. नाक धुण्यासाठी एकदा घाईत नळाचे पाणी घेतल्याचे मी कबूल केले, तेव्हा चांगलीच बोलणी खाल्ली. पाणी उकळून गार केलेलेच हवे, कारण कच्च्या पाण्यातून क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोहोचणारा जीवघेणा अमीबा नाकात जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले; गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेऊ लागल्यावर ते आटोक्यात आले. तिसऱ्या रात्री कुशीवर वळताना उजव्या बाजूने काहीतरी घशात ओघळले, ठणका ओसरला आणि मी सलग झोपले. सातव्या दिवशी गोळ्या संपल्या. वास मात्र आणखी आठवडाभर येत नव्हता. गॅसवर काही करपले, तरी धूर दिसल्यावरच मला कळे.